४३०० अंकांची वेस

बुऱ्हाणपूरच्या पेढ्यांवरून सुरतेच्या आणि आग्र्याच्या हुंड्या फिरत होत्या, त्या काळातील सराफ रक्कम वाचण्याच्या बाबतीत फार चिकित्सक असे. शंभर रुपयांच्या हुंडीत नुसता 'शंभर' हा आकडा लिहून भागत नसे. निमे पन्नास, त्याचे दुप्पट पुरे शंभर, अशी रकमेची फोड त्याच कागदावर करावी लागे. एखादे शून्य मागाहून वाढवले, तर निम्म्याचा मेळ बसत नसे आणि लबाडी पैसे मोजण्यापूर्वीच उघडकीस येई. तापीकाठच्या त्या शहराने वारांवरून पडलेली शनवारा, इतवारा, बुधवारा ही पेठांची नावे आजही जपली आहेत, आणि त्या पेठांतून मराठी अजूनही कानी पडते. मात्र बुधवाऱ्यातील दुकानदारही आता पैसे मोबाइलवरून घेतो आणि आकडा वाचणारा सराफ माणूस राहिलेला नाही. हे काम जो संगणक करतो, तो पुढे आलेला आकडा किती लांब आहे हे न पाहताच तो वाचावयास बसतो, असे काही वर्षांपूर्वी ध्यानात आले. प्रकरण तांत्रिक असल्यामुळे आपल्याकडे त्याची म्हणावी तशी वाच्यता झाली नाही. तथापि त्याचा संबंध सरकारी कचेरीच्या खिडकीपुढे 'सर्व्हर डाऊन आहे' हे शब्द ऐकून माघारी फिरणाऱ्या प्रत्येक नागरिकाशी पोहोचतो, म्हणून त्याची सविस्तर चर्चा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पायथॉन ही संगणकाला आज्ञा देण्याची भाषा १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झाली, आणि आज शाळकरी मुलांच्या अभ्यासापासून बँका व संशोधनसंस्था यांच्या कारभारापर्यंत तिचा संचार आहे. तिच्या अंगी एक मोठे औदार्य आहे. तिच्यातील पूर्णांकाला लांबीची सीमा नाही. अन्य अनेक भाषांत एकोणीस-वीस अंकांपाशी गाडी अडते. येथे संगणकाच्या स्मृतीत मावेल तेवढी मोठी संख्या खुशाल लिहावी. देवनागरी अंकांत लिहिलेली संख्याही ही भाषा बिनतक्रार वाचते, हे मराठी वाचकांना ऐकून बरे वाटेल. या औदार्यातच दोष दडला होता. बाहेरून आलेल्या मजकुरातील अंकांची माळ घेऊन तिची संख्या बनवणे, अथवा आतील संख्या बाहेर दशमान अंकांत लिहून दाखवणे, या कामाला लागणारा वेळ अंकांच्या प्रमाणात न वाढता त्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असे. माळ दुप्पट झाली की वेळ चौपट, आणि दसपट झाली की शंभरपट. पायथॉनच्या अधिकृत माहितीतच उदाहरण दिले आहे की, १ हा अंक ओळीने पाच लाख वेळा लिहून तो वाचावयास दिला, तर वेगवान यंत्रालाही सेकंदाहून अधिक वेळ लागू शकतो. सेकंद म्हणजे काय, असे कोणी म्हणेल. परंतु पाच लाख अंकांचा मजकूर मोबाइलवर काढलेल्या एखाद्या साध्या छायाचित्राहूनही लहान भरतो. तोच पन्नास लाखांवर नेला, तर हिशेबाने दीड मिनिटाहून अधिक काळ ते यंत्र त्या एकाच आकड्यात गुंतून पडेल, आणि त्या प्रक्रियेतील बाकीची कामे तोवर खोळंबून राहतील. असे आकडे पाठोपाठ पाठवत राहणाऱ्याला ना मोठे भांडवल लागते, ना सैन्य.

हे असे का व्हावे, हे समजून घेणे अवघड नाही. आपण दहाच्या हिशेबाने मोजतो, यंत्र दोनाच्या. आपला आकडा वाचताना यंत्राला दर पावली तोवर जमलेली सारी रक्कम दहाने गुणावी लागते आणि तीत पुढला अंक मिळवावा लागतो. आरंभी रक्कम लहान असते तेव्हा हे चुटकीसरशी होते. पण रांग वाढत जाते तसतशी दर पावलाची मजुरीही वाढत जाते. दहाने गुणणे म्हणजे पुढे एक शून्य ठेवणे, ही आपली सोय दोनाच्या हिशेबात चालणाऱ्या यंत्राला नाही. तेच सोळाच्या किंवा आठाच्या पायावर लिहिलेले आकडे ते सहज वाचते, कारण सोळा आणि आठ हे दोनाचेच घात आहेत; तेथे गुणाकार करण्याचे कारण उरत नाही, नुसती मांडामांड पुरते. ज्यांनी जुना रुपया वापरला आहे, त्यांना हा भेद अनुभवाने ठाऊक असेल. चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे चौसष्ट पैसे. पैशांचे आणे आणि आण्यांचे रुपये करताना चौथाई करीत गेले की काम झाले. पण १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, आणि एका आण्याला सव्वासहा नये पैसे होऊ लागताच भल्याभल्या दुकानदारांना कोष्टक जवळ बाळगावे लागले. गोमंतकात तर त्याच सुमारास, १९५८ पासून, रुपियाला सहा एस्कुदो या दराने पोर्तुगीज राजवटीने नाणे बदलले, आणि मुक्तीनंतर ते पुन्हा बदलले. दोन मापांचा पाया जुळत नसला की रूपांतराचा भार कोणाला तरी उचलावा लागतो. तो किती उचलावयाचा, हे आकडा पाठवणाऱ्या परक्याने ठरवावे, एवढीच या प्रकरणातील विसंगती होती.

सेवा बंद पाडण्याचे हल्ले म्हटले की, आपल्या डोळ्यांपुढे पूर येतो. जुलै २०१६ मध्ये मुंबईतील इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या लहान व्यावसायिकांवर असाच निरर्थक मागण्यांचा लोंढा सोडण्यात आला होता. ग्राहकांची सेवा मंदावली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. त्या पुराला हजारो बळकावलेली यंत्रे लागतात. आम्ही ज्याची चर्चा करीत आहोत तो प्रकार निराळा आहे. येथे आत येणारे पाणी ओंजळभरच असते. ते नेमक्या अशा ठिकाणी ओतले जाते की, आतील माणसाला ते उपसता उपसता दिवस पुरू नये. या प्रकाराची पद्धतशीर मांडणी अमेरिकेतील क्रॉस्बी आणि वॉलॅक या संशोधकांनी २००३ सालीच केली होती. २०११ च्या जानेवारीत तर असे आढळले की, २.२२५०७३८५८५०७२०११ गुणिले १० चा उणे ३०८ वा घात ही शून्याला चिकटून असलेली अतिसूक्ष्म संख्या दशमानात लिहून दिली, तर पीएचपी ही भाषा काही यंत्रांवर तिचे रूपांतर करता करता कायमचीच फिरत राहते. पुढच्याच महिन्यात जावा या भाषेतही जवळजवळ त्याच संख्येने तोच प्रताप केला. त्या वर्षाच्या अखेरीस आणखी एक प्रकार पुढे आला. अर्जातील रकान्यांची नावे मुद्दाम एकाच खणात पडतील अशी निवडून पाठवली, की अनेक भाषांची यंत्रे ती लावण्यातच थकून जात. सांगण्याचा हेतू हा की, २०२० साली दोषांच्या जागतिक नोंदवहीत पायथॉनच्या या दोषाला १०७३५ हा क्रमांक मिळाला, तेव्हा या विषयातील जाणकारांना त्यात नवल वाटण्याजोगे काही नव्हते.

नवल वाटावे ते पुढील दोन वर्षांचे. दोष २०२० च्या नोंदीतला, आणि उपाय सप्टेंबर २०२२ मधला. त्या महिन्यात ३.७ पासून ३.१० पर्यंतच्या सर्व चालू आवृत्त्यांना एकदम दुरुस्ती मिळाली. दशमान अंकांतून संख्या करताना किंवा संख्या दशमान अंकांत लिहिताना ४३०० हून अधिक अंक आले, तर पायथॉन आता काम नाकारते आणि चूक दाखवते. दोनाच्या घातांवर आधारलेल्या लेखनाला ही अट नाही. ज्याला गरज असेल त्याने मर्यादा वाढवावी, शून्य लिहून ती अजिबात काढून टाकावी, अथवा कमीत कमी ६४० पर्यंत खाली आणावी, अशीही मुभा आहे. ओळीला ४३ अंक धरले तर बरोबर शंभर ओळींचा हा आकडा होतो. गुप्तलेखनासाठी वापरली जाणारी ४०९६ द्विमान अंकांची भक्कम किल्ली दशमानात लिहिली, तरी ती १२३४ अंकांच्या पलीकडे जात नाही. व्यवहाराच्या दृष्टीने वेस पुरेशी रुंद आहे, याविषयी आम्हांस संदेह नाही.

तरीही या निर्णयावर टीका झाली आणि तीत तथ्य आहे. किरकोळ दुरुस्तीच्या आवृत्तीत भाषेचा स्वभावच बदलावयाचा नसतो, असा या व्यवसायातील जुना संकेत आहे. काल चालत असलेला प्रोग्राम आज सकाळी आवृत्ती बदलताच चूक दाखवू लागला, आणि ज्यांचा सर्व्हरशी वा हल्लेखोरांशी कवडीचाही संबंध नाही, त्या गणिताच्या अभ्यासकांना त्याची झळ बसली. ४३०० हा आकडा तरी असा कोणत्या शास्त्रातून आला, हा त्यांचा प्रश्नही गैरलागू नव्हता. नाशिकजवळ देवळाली येथे शाळेत शिकवता शिकवता द. रा. कापरेकर यांनी संख्यांचे जे वेड जोपासले, ते जगाने ६१७४ या स्थिरांकाच्या रूपाने मान्य केले आहे. अकरा, एकशे अकरा अशा नुसत्या एक्यांनी भरलेल्या संख्यांचे वर्ग केले की १२१, १२३२१ असे देखणे आकडे मिळतात. मुंबईजवळच्या ज्या रेल्वे स्थानकावर त्यांना हे सुचले, त्याच्या नावावरून कापरेकरांनी त्यांना 'डेम्लो' संख्या म्हटले. पायथॉनच्या माहितीपत्रकात धोक्याचे उदाहरण म्हणून दिलेली पाच लाख एक्यांची रांग ही याच घराण्यातली आहे! एकाच रांगेत एकाला सौंदर्य दिसते आणि दुसऱ्याला सर्व्हर बंद पाडण्याचे साधन. यंत्राला दोघांचे हेतू कळावयाचे नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकांची आहे. ती पायथॉनमध्ये लिहून पाहावी असे एखाद्या मुलाला वाटले, तर त्याला आधी वेस उघडावी लागेल.

असे असूनही वेस असावी, आणि ती मुळात मिटलेली असावी, या बाजूने आमचे मत आहे. याची कारणे दोन. एक तर अभ्यासकाला आपण मोठ्या संख्येशी खेळत आहोत हे ठाऊक असते. एक ओळ लिहून तो मर्यादा दूर करू शकतो. ज्याने नगरपालिकेच्या घरपट्टीचा रकाना बांधला, त्या प्रोग्रामरला मात्र आपल्या रकान्यात कोणी पाच लाख अंक लिहील हे स्वप्नातही आलेले नसते. ज्याला धोका कळतो त्याच्याकडून एक ओळ लिहून घेणे रास्त आहे. ज्याला तो कळतच नाही, त्याच्यावर ती जबाबदारी टाकून भागणार नाही. दुसरे कारण हिशेबाचे. पाच लाख अंकांचा तोच मजकूर ४३०० अंकांच्या सुमारे ११६ तुकड्यांत पाठवला, तर लागणारा एकूण वेळ जवळजवळ ११६ पटीने कमी होतो. म्हणजे मर्यादा घातल्यावर हल्लेखोराला जेवढा मजकूर पाठवावा तेवढ्याच प्रमाणात त्रास देता येतो. व्याजावर व्याज चढत नाही. गोमंतकातील खाजनशेतीला हे तत्त्व पुस्तकातून शिकावे लागले नाही. भरतीचे पाणी दाबू लागले की मानशीचे दार त्या दाबानेच मिटते, आणि ओहोटीला आपोआप उघडते. प्रत्येक कुळाने आपापल्या वाफ्याभोवती वेगळा बांध घालावा, असे कोणत्याही गावकरीने कधी सांगितले नाही.

दार मिटणे हाच एकमेव उपाय आहे, असे मात्र नव्हे. गुणाकाराची रीतच सुधारता येते. दोन लांब संख्यांच्या गुणाकाराला अंकांच्या वर्गाइतके कष्ट पडणारच, असा कोल्मोगोरोव यांच्यासारख्या थोर गणितज्ञाचा कयास होता. १९६० साली मॉस्कोतील कारात्सुबा या तेवीस वर्षांच्या तरुणाने तो खोटा ठरवला. त्याच्या रीतीत अंक दुप्पट झाले तर कष्ट चौपट न होता तिप्पट होतात. त्यापुढेही सरस रीती निघाल्या. पायथॉनच्या स्वयंसेवकांनी टीका झेलल्यानंतर या दिशेनेही काम केले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ या आवृत्तीत अतिदीर्घ संख्यांचे रूपांतर पूर्वीहून पुष्कळ वेगवान झाले. तरीही त्यांनी मर्यादा उठवली नाही, आणि ते योग्यच झाले. वेगवान रीतही शेवटी अंकांहून जलदच वाढते. पायथॉनच्या बाहेरही हेच वारे वाहिले. जावाच्या जगात जेसन या साच्यातला मजकूर वाचण्यासाठी सर्रास वापरले जाणारे जॅक्सन हे साधन २०२३ च्या २.१५ या आवृत्तीपासून एका संख्येत मुळात १००० हून अधिक अंक स्वीकारत नाही. जेसनच्या मूळ नियमांत संख्येच्या लांबीला बंधन नाही, त्यामुळे हे बंधन वाचणाऱ्यानेच घालून घेणे क्रमप्राप्त होते.

संख्यांच्या लांबीचा विचार हा आपल्याला परका विषय नाही. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एक, दश, शत येथपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली, आणि ही नावे पूर्वसूरींनी व्यवहारासाठी योजली असे नमूद केले. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापन केला. त्याची साक्ष देणारा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख मूळचे पेडण्यातील मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांच्या नजरेस आणला. ते पाटण आणि बुऱ्हाणपूर एकाच खानदेशी मुलखाच्या दोन टोकांस आहेत. व्यवहारास अठरा स्थाने पुरावीत, हा अंदाज आजही फारसा चुकलेला नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला, तो सहा अंकांचा. मोबाइलचा क्रमांक दहा अंकांचा. आधार क्रमांक बारा अंकांचा. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिला गेला, म्हणजे तोही खानदेशातच. ज्या रकान्यात बारा अंक यावयाचे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, तेथे तेरावा अंक दिसताच मजकूर परत करावा. त्याची संख्या करून पाहण्याचे कारणच काय? ४३०० ची वेस ही शहराची झाली. घराला आपला उंबरठा असावाच लागतो, आणि तो भाषेच्या कर्त्यांनी बांधून द्यावयाचा नसून ज्यांनी सॉफ्टवेअर विकून पैसे घेतले त्यांनी बांधावयाचा असतो.

येथेच आमच्या चिंतेला आरंभ होतो. कायदा आपल्यापाशी आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या ४३ व्या कलमान्वये अधिकार असलेल्याला संगणकाचा वापर नाकारला जाईल असे कृत्य करणे नियमबाह्य आहे, आणि ते अप्रामाणिकपणे केल्यास ६६ व्या कलमान्वये तीन वर्षांपर्यंत कैद वा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. केंद्राच्या सर्ट-इन या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवारोधाच्या हल्ल्याची खबर सहा तासांच्या आत देणे बंधनकारक आहे. पण हे सारे झाल्यानंतरचे. शिवाय एका लांबलचक आकड्याने यंत्र अडले, तर तो हल्ला होता की यंत्रच म्हातारे झाले, हे खिडकीपलीकडच्या कारकुनाला कोण सांगणार? तो 'सर्व्हर डाऊन' म्हणून मोकळा होतो, आणि दाखल्यासाठी पेडण्याहून वा काणकोणाहून आलेल्या माणसाचा दिवस बुडतो. त्या दिवसाची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

पायथॉनच्या ३.६ या आवृत्तीचा अधिकृत सांभाळ डिसेंबर २०२१ मध्येच थांबला होता, म्हणजे २०२२ ची दुरुस्ती तिच्या कर्त्यांकडून तिला मिळालीच नाही. ३.७ चा सांभाळ जून २०२३ मध्ये आणि ३.८ चा ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला. या आवृत्त्यांवर आज कोणकोणत्या सरकारी खात्यांची, पालिकांची आणि सहकारी बँकांची कामे चालत आहेत, हे त्या त्या संस्थेने जनतेसमोर ठेवावे. सॉफ्टवेअरच्या निविदांत रकमेच्या रकान्याला जेवढी जागा मिळते, तिच्या शतांश जागेत हे तीन प्रश्न मावतील: कोणती भाषा, कोणती आवृत्ती, आणि तिची दुरुस्ती पुढील पाच वर्षे कोणाच्या खर्चाने व्हावयाची. पर्वरीच्या सचिवालयाने येत्या निविदेपासून ते विचारावयास प्रारंभ करावा. उत्तरे आली की ती छापण्यास आमची जागा मोकळी आहे.